रानपिंगळा पाहायला मेळघाटात जाताय? आधी हे वाचून घ्या

थंडी सुरू झाली की विचारणा सुरू होते. अमरावती, अकोला, यवतमाळकडचे कॉलेजचे विद्यार्थी, नुकतीच दुर्बीण घेतलेले शिक्षक, हातात नवा कॅमेरा आलेले भाऊ, सगळ्यांचा प्रश्न एकच: रानपिंगळा नेमका कुठे दिसतो? मी परतवाड्याची. मेळघाटात बरीच वर्षं पक्षी पाहत फिरते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. उत्तर मात्र ठिकाणाच्या नावानं देता येत नाही. हा पक्षी म्हणजे एक छोटं, दुर्मिळ घुबड. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो आणि आपला परिसर वर्षभर सोडत नाही. म्हणजे तो सापडणं फार कठीण नाही, आणि त्याला त्रास देणं त्याहून सोपं आहे. तोच पक्षी आहे हे खात्रीनं ओळखणं आणि त्याचा दिवस न बिघडवता परत येणं, एवढं जमलं तर तुमची सहल झाली. त्यासाठी काय काय करावं लागतं ते क्रमानं सांगते.

१. आधी त्याची गोष्ट माहीत करून घ्या

ब्रिटिश पक्षीअभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नमुना मिळाला होता आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात, एफ. आर. ब्लेविट यांना. त्यांचंच नाव पक्ष्याच्या शास्त्रीय नावात, ‘ब्लेविटी’ म्हणून आहे. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक नोंदच नाही. पक्षी नामशेष झाला असंच पुष्कळांनी धरलं होतं.

मधल्या काळात एक नोंद होती, गुजरातेतली १९१४ सालची, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या नावावर. ती खोटी निघाली. दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, त्यावर नवी जागा आणि नवी तारीख चिकटवलेली होती. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासून ही लबाडी उघड केली. मग ती नोंद बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या जुन्या जागा धरून त्या सहकाऱ्यांसोबत शोधायला निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

त्यानंतर भारतीय अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला, आणि मेळघाटात या पक्ष्याची चांगली संख्या असल्याचं कळलं. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही सापडला. नव्या जागा मिळाल्यामुळे २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणलं. यावरून ‘आता धोका टळला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. साऱ्या जगात त्याचे प्रौढ पक्षी २५० ते ९९९ च्या दरम्यान असावेत असा अंदाज आहे, आणि ते सगळे भारतातच आहेत.

२. तीन पिंगळे घरीच पाठ करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मेळघाटात तीन छोटी घुबडं दिवसाउजेडी दिसू शकतात. जंगलात गेल्यावर पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही, म्हणून चित्रं आणि आवाज घरीच बघून-ऐकून ठेवा.

साधा पिंगळा तुम्ही लहानपणापासून पाहिलेला आहे. गावातल्या चिंचेवर, वडावर, पडक्या वाड्याच्या कोनाड्यात राहणारा आणि तिन्हीसांजेला जोडीनं कलकलाट करणारा. लांबी साधारण २१ सेंटिमीटर. डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत, भुवया पांढऱ्या, पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी.

जंगली पिंगळा जरा लहान, २० सेंटिमीटरच्या आसपास. डोकं, पाठ, छाती सगळीकडे बारीक आडव्या रेघा, अगदी दाट. याची हाक सावकाश सुरू होते आणि मग घाई झाल्यासारखी भरभर होत जाते. एकदा ऐकली की विसरत नाही.

रानपिंगळा या दोघांपेक्षा थोराड, २३ सेंटिमीटरचा. शरीराच्या मानानं डोकं मोठं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच, असले तर अगदी फिकट. छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, एकसंध रंग दिल्यासारखा. त्याखाली दोन्ही बाजूंना ठळक पट्टे, पण मधोमध पोट स्वच्छ पांढरं. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पांढरे पट्टे. पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी खालपर्यंत झाकलेले, पांढरे पायमोजे घातल्यासारखे.

नवखी माणसं फक्त डोकं बघतात आणि तिथेच फसतात. सकाळचं ऊन समोरून येत असेल, किंवा पिसं झिजलेली असतील, तर साध्या पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपकेही दिसेनासे होतात. म्हणून डोक्यावर निकाल देऊ नका. पोट, पाय आणि शेपटी या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय ‘रानपिंगळा’ असं वहीत लिहू नका. ‘जंगलात दिसला म्हणजे रानपिंगळाच’ हा तर्कही चुकीचा आहे. मेळघाटातल्या गावांभोवती, शेतांच्या कडेला साधा पिंगळा भरपूर आहे, आणि एकाच खोऱ्यात दोघंही सापडतात.

एक सवय ओळखायला फार उपयोगी पडते. उत्तेजित झाला, किंवा खाली भक्ष्य दिसलं, की रानपिंगळा शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. तुम्ही खूप जवळ गेलात तरीही तो हेच करतो. त्याबद्दल पुढे सांगते.

आवाजही लक्षात ठेवा. त्याची नेहमीची हाक दोन तुकड्यांची, गोल आणि मऊ असते, ‘ओऽ-वॉव’ अशी. मादी किंवा पिल्लं अन्न मागतात तेव्हा ‘की-याऽ’ असा कर्कश सूर काढतात.

३. कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरनंतर हळूहळू पानगळ सुरू होते आणि फेब्रुवारीत सागाचं जंगल बरंच उघडं पडतं, त्यामुळे फांदीवरचा पक्षी दुरूनही दिसतो. पण जानेवारी-फेब्रुवारी हा त्याच्या विणीचाही भर असतो, हे विसरायचं नाही. मला विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्यानं नोव्हेंबर-डिसेंबर गाठावा. पानं थोडी आड येतील, पण तुमच्याकडून कुणाचं घरटं उधळलं जाण्याची शक्यता कमी राहील.

वेळ सकाळची. ऊन वर येऊ लागलं की तो शेंड्याजवळच्या वाळक्या फांदीवर ऊन खात बसतो. दहा-साडेदहानंतर फारशी आशा धरू नका.

४. परवानगी आणि कागदपत्रं

मेळघाट व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. गाव तिथेच आहे, रस्ता मोकळा आहे, म्हणून गाडी लावून जंगलात शिरायचं, असं चालत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे.

नुसतं पाहायला येत असाल तर सफारीचं ऑनलाइन बुकिंग पुरेसं आहे. सोबत ठेवा:

- बुकिंगची छापील प्रत (घाट चढल्यावर मोबाइलचं नेटवर्क मिळेलच असं नाही)
- बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलं, तेच मूळ ओळखपत्र, गाडीतल्या प्रत्येकाचं
- स्वतःची गाडी असेल तर तिची कागदपत्रं, विमा आणि पीयूसी
- कॅमेऱ्याचं शुल्क भरल्याची पावती

कॉलेजचा प्रकल्प, सर्वेक्षण, मोजणी असं काही करायचं असेल तर सफारीच्या तिकिटावर ते करता येत नाही. त्यासाठी वनविभागाकडे रीतसर अर्ज लागतो. अर्जाला विभागप्रमुखांचं पत्र, प्रकल्पाचा एक-दोन पानी आराखडा, सहभागी होणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं, तारखा, आणि पायी फिरणार की गाडीनं हे स्पष्ट लिहून जोडा. अर्ज निदान दोन-तीन महिने आधी टाका. हिवाळ्यातल्या कामाचा अर्ज दिवाळीनंतर टाकणारे पुष्कळ असतात, आणि परवानगी हातात पडेस्तोवर मोहफूल गळायला लागलेलं असतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. ड्रोन आणायचाच नाही.

५. पोहोचायचं कसं

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा उतरा. तिथून अमरावती, पुढे परतवाडा. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीचा रस्ता जातो आणि त्यावर एसटी चालते. पेट्रोल, रोख पैसे, औषधं सगळं परतवाड्यातच घ्या. पहाटे उघड्या जिप्सीत थंडी चांगलीच बोचते, कानटोपी आणि हातमोजे लागतातच. कपडे मातकट किंवा सुकलेल्या पानांच्या रंगाचे. दुर्बीण ८×४२ ची असली तर उत्तम. महागडी हवीच असं काही नाही.

६. गाइडशी नीट बोला

सफारीत स्थानिक गाइड सोबत असतो आणि बहुतेक जण आसपासच्या गावांतले, पुष्कळसे कोरकू असतात. जंगल या लोकांच्या पायाखालचं आहे. पण येणारे बहुतेक पर्यटक वाघ-अस्वल मागतात, म्हणून गाडी त्याच रस्त्यांनी पळवली जाते. निघायच्या आधीच सांगा: दादा, आम्हाला वाघाची घाई नाही, गाडी हळू चालवा, पक्षी दिसला की इंजिन बंद करा.

नुसतं ‘पिंगळा दाखवा’ म्हणू नका. गावातला पिंगळाही पिंगळाच, आणि जंगली पिंगळ्याला कुणी रानातला पिंगळा म्हणूनही हाक मारतं. मोबाइलमध्ये चित्र ठेवा आणि ते दाखवून विचारा. एखादा गाइड ‘तो आता इकडे नाही’ म्हणाला तर गळ घालू नका. पुष्कळदा जोडी घरट्यावर असते आणि तो तिला जपत असतो. अशा माणसाला जास्तीचे पैसे दाखवून तिकडे न्यायला लावणं मला अतिशय वाईट वाटतं.

७. जंगलात शोधायचं कसं

घनदाट, काळोखं जंगल हे याचं घर नाही. त्याला लागतं ते सागाचं विरळ, पानझडी रान, मध्ये मध्ये सालई, मोवई, धावडा यांसारखी झाडं, खाली गवत आणि पाचोळा, आणि जवळ एखादा नाला. फार चढाचे कडे तो टाळतो. सिपना आणि तिच्यासारख्या नद्यांच्या खोऱ्यातली उताराची मोकळी रानं तुम्ही पाहिलीत की हे लगेच कळेल.

नजर झाडाच्या पानांत घालू नका. आधी वाळके शेंडे आणि उघड्या आडव्या फांद्या दुर्बिणीनं हळूहळू चाळा. तो सरळ, ताठ बसतो आणि खाली पाहतो. त्याचं खाणं पाचोळ्यात असतं: सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ, कधी एखादा लहान पक्षी. एकदा शिकार करताना बघा म्हणजे त्याचे पाय एवढे दणकट का हे समजतं. मान खाली, दोन-तीनदा शेपटीचा झटका, आणि मग तो पंख न फडफडवता तिरका खाली झेपावतो. पाचोळ्याचा आवाज होतो, क्षणभर काही दिसत नाही, आणि नंतर तो जवळच्याच बुटक्या फांदीवर सरड्याचं डोकं चोचीत धरून बसलेला असतो. लगेच गिळत नाही. आधी इकडे-तिकडे बघून घेतो.

दुसरी खूण म्हणजे इतर पक्ष्यांचा गोंधळ. कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी एकाच फांदीभोवती ओरडत घिरट्या घालत असतील तर तिथे बहुधा एखादं घुबड बसलेलं असतं. शांत उभं राहून त्या फांदीचा अंदाज घ्या.

झाडाच्या खोडावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि खाली केस, हाडांचे तुकडे, किड्यांच्या पंखांची टरफलं असलेल्या सुक्या गोळ्या दिसल्या तर वर ढोली असण्याची शक्यता खूप आहे. गोळी उचलू नका, आणि सफारीत असाल तर गाडीतून उतरूच नका. घुबडं न पचलेला भाग अशा गोळ्यांतून ओकून टाकतात, एवढं लक्षात ठेवा.

८. दिसल्यावर काय करायचं, काय अजिबात नाही

इंजिन बंद. बोलणं बंद. अंतर निदान तीस मीटर. दहा मिनिटं पाहा आणि निघा.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणं हा सगळ्यात वाईट प्रकार आहे, आणि दुर्दैवानं सगळ्यात जास्त चालणारा. आवाज ऐकला की त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो शिकार सोडून येतो, ओरडत राहतो, या झाडावरून त्या झाडावर फिरत राहतो. तुम्ही फोटो काढून निघून जाता. त्याचा सकाळचा शिकारीचा वेळ गेलेला असतो. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत अंडी उबवत असते आणि तिचं पोट नराच्या शिकारीवर चालतं, तेव्हा याचा फटका दोघांनाही बसतो. अंडी तशी दोनच्या आसपास. अभ्यास करणाऱ्यांना घरट्यात प्रौढ पक्ष्यानंच पिल्लू खाल्ल्याचंही आढळलं आहे. पिल्लं वाढवणं या पक्ष्याला आधीच एवढं जड जातं.

फ्लॅश नको. फांदी वाकवून किंवा तोडून ‘मोकळा फोटो’ नको. उंदीर-सरडा बांधून ठेवणं नको. ढोलीत डोकावणं, खोड ठोकणं तर नकोच. कायद्यात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. रानपिंगळा या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे, आणि त्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

तुम्ही जास्त जवळ गेलात हे तो स्वतः सांगतो. आधी तो अंग आखडून उंच होतो आणि टक लावून तुमच्याकडेच बघतो. मग डोकं वर-खाली करतो, शेपटी भराभर झटकतो, चिरचिरता इशारा देतो. खाली भक्ष्य बघत असताना शेपटी हलली तर ती शिकारीची, तुमच्याकडे बघत हलली तर ती तुमच्यामुळे. त्या क्षणी मागे सरका. तो उडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

९. नोंद खरी ठेवा, जागा झाकून ठेवा

वहीत तारीख, वेळ, किती पक्षी, कोणत्या झाडावर, काय करत होते, आणि ओळखीच्या कोणत्या खुणा डोळ्यांनी पाहिल्या ते तिथल्या तिथे लिहा. पोट दिसलं नाही तर ‘पोट दिसलं नाही’ असं लिहा. शंका असेल तर ‘पिंगळा, जात अनिश्चित’ ही सन्मानाची नोंद आहे. वर सांगितलेल्या त्या एका खोट्या नोंदीनं या पक्ष्याच्या शोधाला कित्येक वर्षं भलतीकडे नेलं होतं.

ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) यादी टाकताना नेमका बिंदू देऊ नका, व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग निवडा. फेसबुक-व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा तर आठवडाभरानं टाका, ‘मेळघाट’ एवढंच लिहा, आणि फोटोतली जीपीएसची माहिती आधी काढा. जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक आजही आहेत आणि दिवाळीच्या आसपास त्यांची हालचाल वाढते. ‘अमुक गावच्या पुढे, नाल्याच्या डाव्या हाताला’ असं लिहिलेली पोस्ट त्यांच्याही हाती पडते. नेमकी जागा द्यायची ती फक्त वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात, जमल्यास लेखी.

१०. तुमचं शेत किंवा गाव जंगलाला लागून असेल तर

हा भाग धारणी-चिखलदऱ्याच्या गावांतल्या आणि तिथे नव्यानं रुजू झालेल्या शिक्षक, आरोग्यसेवक मंडळींसाठी. पर्यटकापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्यानं कोरलेली किंवा लाकूड कुजून झालेली ढोली त्याला लागते, आणि अशा ढोल्या जुन्या, अर्धवट वाळलेल्या झाडांत असतात. सरपणाला पहिल्यांदा तीच झाडं जातात. लोकांना चूल पेटवायचीच आहे, त्यांना दोष देऊन काही होत नाही. पण धुऱ्यावरचं किंवा नाल्याकाठचं एखादं पोकळ झाड ठेवून बाकीचं तोडणं शक्य असतं, आणि हे ग्रामसभेत शांतपणे बोललं तर लोक ऐकतात. रान तोडून नवी शेती काढणं हा त्याहून मोठा घाव आहे, कारण झाडांसोबत खालचं गवत, सरडे, उंदीर सगळंच जातं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात. आग पुढे सरकली की वणवा होतो, पोकळ खोड आतून धुमसत राहतं, आणि तेव्हा काही ढोल्यांमध्ये अजून पिल्लं असतात. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जुनी साडी-जाळी अंथरली तर फूलही स्वच्छ मिळतं. वनविभाग जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढतो तेव्हा गावानं सोबत उभं राहावं. त्या कामाची मजुरीही मिळते, आधी विचारून घ्या.

शाळेत पोरांना घुबड अशुभ असल्याचं घरून शिकवलेलं असतं. त्यावर भाषण देऊ नका. शाळेजवळच्या चिंचेवरचा साधा पिंगळा दाखवा, त्याच्या झाडाखालच्या वाळलेल्या गोळ्या शिक्षकानं हातमोजे घालून काडीनं उकलून दाखवाव्यात. आतून उंदरांच्या कवट्या निघाल्या की पोरं स्वतःच घरी सांगतात, आपल्या तुरीचं राखण कोण करतंय ते.

जमिनीवर पडलेलं पिल्लू सापडलं तर घरी आणू नका, पाणी पाजू नका, भात-दूध भरवू नका. अंगावर पिसं आलेली असतील आणि ते धडधाकट दिसत असेल तर कुत्री-मांजरं दूर ठेवून लांबून लक्ष ठेवा. आईबाप बहुतेक जवळच असतात आणि खाली येऊन भरवतात. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं फडकं घालून ठेवा, खोकं अंधारात, आवाजापासून लांब ठेवा, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. फोन लागला नाही तर जवळच्या नाक्यावर माणूस पाठवा. पिल्लू कुठल्या झाडाखाली सापडलं ते झाड ओळखता येईल अशी खूण मात्र करून ठेवा, म्हणजे बरं झाल्यावर त्याला तिथेच सोडता येतं.